सणांत कमाई, सणांच्या मधल्या दिवसांत प्रवास

गिरणगावातल्या पेन्शनचं गणित एका ओळीत मावतं. पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. ईपीएस-९५ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेचं हे सूत्र. २०१४च्या आधी जे निवृत्त झाले, त्यांच्यापैकी बहुतेकांचा पगार कितीही असला तरी योजनेने तो साडेसहा हजारच धरला. म्हणजे पंधरा वर्षांच्या नोकरीला महिना १३९३ रुपये. सप्टेंबर २०१४पासून किमान पेन्शन हजार रुपये झालं, आणि त्यावर महागाई भत्ता नाही. ही योजना सुरू झाली १६ नोव्हेंबर १९९५ला. १८ जानेवारी १९८२च्या गिरणी संपानंतर जे पुन्हा खात्यावर गेलेच नाहीत, त्यांच्या हातात हेही नाही.

या पैशांत गोळ्या, विजेचं बिल आणि थोडं वाणसामान बसतं. तिकीट बसत नाही. म्हणून प्रवासाचा पैसा पेन्शनमधून काढायचा विचारच करू नये. तो वेगळा मिळवावा आणि वेगळा ठेवावा. गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथे राहणाऱ्यांना ते इतरांपेक्षा सोपं जातं, कारण चालत जाता येईल एवढ्या अंतरावर दर सणाचं स्वतंत्र काम निघतं. श्रावणापासून दिवाळीपर्यंत एक हंगाम, नाताळपासून रथसप्तमीपर्यंत दुसरा. त्यांच्या मधे दोन मोकळ्या फटी उरतात: तुळशीच्या लग्नानंतर नाताळच्या आठवड्यापर्यंत, आणि रथसप्तमीपासून शिमग्यापर्यंत. शाळा चालू असतात, नोकरदारांच्या रजा संपलेल्या असतात, गाड्यांत जागा असते, भक्तनिवासात खोली मिळते. मुंबईतली थंडी पळून जाण्याइतकी कधीच नसते. पण कोकणात आणि देशावर गुडघे दुखणाऱ्या माणसाला उन्हाचा त्रास न होता फिरता येतं, ते याच दिवसांत.

आधी कामाचं बोलू. निवृत्त माणसाने काम विचारलं की समोरचा पहिल्यांदा वॉचमनची जागा सुचवतो. बारा तासांची ड्युटी, रात्रपाळी, आठवड्याची सुट्टीही बेभरवशाची. पासष्टीनंतर ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मिळालेला पैसा डॉक्टरकडे जातो आणि प्रवासाला सुट्टी तर मिळतच नाही. आपल्याला हवं ते तीन-चार आठवड्यांचं, बसून करायचं, संपलं की हात झटकून मोकळं होता येईल असं काम.

गणपतीआधी अशी कामं बरीच असतात. परळ-लालबागच्या मूर्तिशाळांत रंग आणि आखणी कसबी माणसंच करतात, पण दागिने चिकटवणं, कापड नेसवणं, नोंदवह्या सांभाळणं यासाठी हात कमी पडतात. मंडळांना वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. पावतीपुस्तकं, व्हाउचर, बँकेचा मेळ हे काम बँकेतून किंवा गिरणीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेला माणूस डोळे मिटून करतो. तरुण कार्यकर्त्यांना ते नको असतं. आपल्या गल्लीतल्या मंडळाचं काम फुकट करायची रीत आहे, ती मोडू नका. शेजारच्या दोन मंडळांचं मात्र ठरवून मानधनावर घ्या.

बायकांसाठी या महिन्यात उकडीच्या मोदकांइतकं भाव देणारं दुसरं काम नाही. दहा-अकरा कळ्यांचा, उकड न चिरणारा मोदक ज्यांना येतो त्यांनी नगावर दर ठरवावा, किलोवर कधीच नको. दिवाळीचा फराळ याच्या उलट. तिथे एकटीने चुलीशी उभं राहण्यापेक्षा चौघींनी मिळून चकली आणि करंजी यांच्यापुरतीच ऑर्डर घ्यावी. लाडू-चिवड्याला लालबागच्या चिवडा गल्लीशी दराने टक्कर देता येत नाही. परदेशी जाणाऱ्या फराळाची मागणी दसऱ्याच्याही आधी सुरू होते, हे लक्षात ठेवा. घरगुती पदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची मूळ नोंदणी करून घ्यावी; तिचं सरकारी शुल्क वर्षाला १०० रुपये आहे, आणि नोंदणी असली की दुकानदार माल ठेवायला कां-कूं करत नाही. गिरगावातल्याच एका इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ला सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तेच पुढे लिज्जत झालं. आपल्याला एवढा पसारा घालायचा नाही, पण गच्चीवर भांडवल किती लागतं याचा अंदाज त्यावरून येतो.

वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांसाठी जून ते सप्टेंबर हा दिवाळी अंकांचा हंगाम. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मुद्रितशोधनाची गर्दी दरवर्षी याच महिन्यांत उसळते. मराठी शुद्धलेखन पक्कं असलेले निवृत्त शिक्षक संपादकांना हवेच असतात, आणि फाइल आता फोनवर येते, छापखान्यात बसावं लागत नाही. पानावर दर ठरवा, दुसरं वाचन धरून. पैसे अंक बाजारात आल्यावर मिळतील असं कोणी म्हटलं तर निम्मे आधी मागा. अंक येतो, पैसे येत नाहीत, हा अनुभव या धंद्यात नवा नाही.

मला स्वतःला सगळ्यांत आवडतं ते संक्रांतीचं काम. हलव्याचे दागिने. नव्या सुनेची पहिली संक्रांत आणि बाळाचं बोरन्हाण यांसाठी मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा, बासरी असे संच लागतात, आणि गिरगाव-दादरच्या दुकानांत मार्गशीर्षातच विचारणा सुरू होते. हलवा घरी करायचा तर परातीत तीळ मंद आचेवर ठेवून पाकाचा एकेक चमचा सोडत बोटांनी हलवत राहावं लागतं. काटा फुटायला कोरडी, गार हवा लागते. दमट दिवस आला की केलेलं सगळं सपाट होतं. कसब मोठं, पण चटके बसतात आणि तासन्‌तास वाकून बसावं लागतं, म्हणून साठीनंतर हलवा विकत घ्यावा आणि फक्त दागिने ओवावेत. खिडकीपाशी उजेडात बसून, जर, पुठ्ठा आणि दोरा घेऊन. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असेल तर ते आधी उरका. ओवण्याचं काम नजरेवर चालतं. दुकानदाराशी बोलताना तीन गोष्टी आधीच ठरल्या पाहिजेत: कच्चा माल कोण देणार, संच मोडला तर नुकसान कोणाचं, आणि उरलेले संच परत येणार की नाही. परत येणार असतील तर दर जास्त हवा. रथसप्तमीनंतर हलव्याच्या मुकुटाला गिऱ्हाईक नसतं.

आणखी कामं आहेत. लग्नसराईत रुखवत, महाविद्यालयांत परीक्षांचं पर्यवेक्षण, दहावीच्या मुलांची शेवटच्या तीन महिन्यांची शिकवणी. ज्याचं त्याने पाहावं. एक इशारा मात्र सगळ्यांना. ‘घरबसल्या पॅकिंगचं काम, आधी अनामत भरा’ अशी जाहिरात फोनवर आली तर उत्तरही देऊ नका. खरं काम देणारा तुमच्याकडून पैसे मागत नाही.

कमाईने पेन्शन कमी होईल का, ही भीती अनेकांना असते. ईपीएसचं पेन्शन ५८ वर्षांनंतरच्या अशा कमाईने कमी होत नाही, विधवेचं कुटुंब निवृत्तिवेतनही नाही. श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे पैसे येत असतील तर गोष्ट वेगळी. त्या योजना उत्पन्नाच्या अटीवर चालतात, तेव्हा नियमित काम घेण्याआधी तहसील कार्यालयात विचारून घ्या. आणि मिळालेले पैसे घरखर्चाच्या खात्यात टाकू नका, विरघळून जातात. ज्यांची थोडी पुंजी पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहे, त्यांना व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या तारखेला मिळतं. ऑक्टोबर आणि जानेवारीचे हप्ते प्रवासासाठी राखून ठेवले तर हंगामाच्या कमाईत त्यांची बरी भर पडते.

आता तिकीट. इथे एसटी आणि रेल्वे यांची तुलना केली तर एसटी फार पुढे आहे. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. मार्च २०२३पासून सगळ्या वयाच्या बायकांनाही अर्धं. साठीतल्या नवऱ्यालाच तेवढं पूर्ण तिकीट पडतं. त्याने ‘आवडेल तेथे प्रवास’चा चार किंवा सात दिवसांचा पास घेऊन हिशेब करून पाहावा, रोज लांबचा टप्पा असेल तर परवडतो. आधार कार्ड मूळ बाळगा, झेरॉक्सवर कंडक्टर वाद घालू शकतो. आगाऊ आरक्षणाचा आकार मोफतवाल्यांनाही भरावा लागतो. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. गोव्याला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

रेल्वेने ज्येष्ठांची सवलत, पुरुषांना ४० आणि बायकांना ५० टक्के, २० मार्च २०२०ला बंद केली. तेव्हापासून पूर्ण भाडं. उरली आहे ती खालच्या बर्थची सोय. साठीवरच्या पुरुषांना आणि ४५ वरच्या बायकांना, एका तिकिटावर एक किंवा दोघं असतील तर, ज्येष्ठ नागरिकांच्या कोट्यातून तिकीट काढता येतं. तिघी मैत्रिणींनी एकत्र तिकीट काढलं की हा कोटा लागत नाही. दोघींचं एक आणि तिसरीचं वेगळं काढा. १ नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी निघायचं तर तिकीट सप्टेंबरच्या शेवटी, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीचं डिसेंबरच्या सुरुवातीला. सणाच्या कामाच्या धांदलीत हे हमखास राहून जातं, म्हणून तारीख कालनिर्णयावर आत्ताच लिहून ठेवा.

दादरकरांसाठी तुतारी एक्सप्रेस ही सावंतवाडीची हक्काची गाडी. ती मध्यरात्रीनंतर काही मिनिटांनी सुटते, आणि तारखेचा घोळ इथेच होतो. २५ तारखेच्या रात्री निघायचं असेल तर तिकीट २६चं हवं. २५चं काढलं तर गाडी एक दिवस आधीच गेलेली असते. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरहून सुटायची, कोविडपासून ती दिव्याहून सुटते. स्वस्त आहे, पण सामानासह दिवा गाठायचं तर बरोबर कोणी तरुण असावा. परळच्या एसटी आगारातून कोकणच्या गाड्या मिळतात, तो पर्याय पंचाहत्तरीवरच्यांना अधिक सुखाचा.

जायचं कुठे? गिरणगावातल्या निम्म्या घरांचं उत्तर ठरलेलं आहे: गावाला. आणि ते बरोबरही आहे. राहण्याचा खर्च नाही, भाजी परसात, मासे दारात. पण आपण गावी जातो ते गणपतीला आणि मे महिन्यात, म्हणजे भाडी चढलेली असताना आणि घर माणसांनी भरलेलं असताना. त्रिपुरी पौर्णिमेनंतर जाऊन पाहा. सिंधुदुर्गात दहिकाल्यांचे दिवस सुरू होतात, एकामागून एक देवळाची जत्रा आणि रात्रभर दशावतार. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. तिथींची यादी गावच्या पुजाऱ्याकडून मागवली की पंधरा दिवसांचा कार्यक्रम फुकट तयार होतो. आंगणेवाडीची तारीख तिथीवर नाही, देवीच्या कौलावर ठरते, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा जादा गाड्या सुटतात आणि गर्दीही तशीच असते. ज्यांना रांगेत उभं राहवत नाही त्यांनी जत्रेआधी आठवडाभर जाऊन निवांत दर्शन घ्यावं. देवी तीच असते.

गावचं घर धड असेल आणि भावकीचा वाद नसेल तर तेच घर थोडं कमवू शकतं. राज्याच्या पर्यटन खात्याची ‘निवास आणि न्याहारी’ योजना घरातल्या खोल्या नोंदवून पाहुणे ठेवू देते. डिसेंबर-जानेवारीत मालवण, वेंगुर्ला, गुहागर या बाजूला पाहुणे असतातच. दोन खोल्या, स्वच्छ संडास, आंबोळी-घावण्यांची न्याहारी एवढंच लागतं. मात्र सातबाऱ्यावर आणि घरपट्टीवर नावं असलेल्या सगळ्यांची लेखी संमती आधी घ्या. पहिल्या पाहुण्याबरोबर पहिलं भांडणही येतं.

ज्यांना गाव नाही त्यांनी एकच मुक्काम धरून फिरावं, रोज बॅग उचलू नये. त्यासाठी सोलापूर मला सगळ्यांत सोयीचं वाटतं. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री दादरला पकडली की सकाळी सोलापूर. तिथून अक्कलकोट आणि तुळजापूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, पंढरपूर सत्तरेक. तिन्ही ठिकाणी एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, अर्ध्या किंवा शून्य तिकिटात. अक्कलकोटला अन्नछत्रात जेवण. पंढरपूरला कार्तिकी एकादशी गेल्यावरच जा, मग चंद्रभागेच्या वाळवंटात चालायला जागा असते. जानेवारीत त्या भागात हुरडा निघतो. शहरी पाहुण्यांसाठी उभारलेल्या मंडपात तो महाग, ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर जवळजवळ फुकट.

शेगावचं गजानन महाराज संस्थान स्वच्छतेसाठी नावाजलेलं आहे आणि भक्तनिवासाचे दर माफक आहेत. खोली तिथे पोहोचल्यावर मिळते. ‘शेगाव ऑनलाइन बुकिंग’ म्हणून पैसे मागणाऱ्या वेबसाइट बनावट असतात, त्यांना पैसे भरून लोक फसलेले आहेत. विदर्भ एक्सप्रेस दादरला थांबते आणि शेगावलाही. गोंदवल्याला गोंदवलेकर महाराजांची पुण्यतिथी मार्गशीर्ष वद्य दशमीला, तेव्हा गर्दी. एरवी राहण्या-जेवणाची सोय थोड्या दिवसांपुरती विनामूल्य असते. या दोन्ही ठिकाणी सेवेकऱ्यांची परंपरा आहे: वाढणं, झाडणं, धान्य निवडणं, आणि त्या दिवसांत राहणं-जेवण संस्थानाकडे. आपल्या विषयातला हा वेगळाच प्रकार, पैसे न घेता काम आणि पैसे न देता मुक्काम. पण खोलीचं भाडं वाचवायची युक्ती म्हणून जाऊ नका. पहाटे उठून दिवसभर उभं राहायची तयारी लागते, नाव आधी नोंदवावं लागतं, आणि शिस्त गिरणीपेक्षा कडक असते.

राज्य सरकारची मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना जुलै २०२४मध्ये आली. साठीवरच्या, वार्षिक अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी एकदा, माणशी तीस हजारांपर्यंतचा खर्च. अर्ज करून ठेवावा, पण बेत तिच्यावर बांधू नये. तारीख त्यांची असते, आपली नाही.

निघण्याआधीची कामं थोडी रुक्ष आहेत, पण तीच चुकली तर महाग पडतात. सरकारी पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. तो देऊनच निघा. ईपीएसवाल्यांचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, म्हणून मागच्या वर्षीची तारीख तपासा. ती फेब्रुवारीत संपत असेल तर जानेवारीतच नवा द्या. चेहरा दाखवून फोनवर होतो, बोटांचे ठसे झिजलेल्या जुन्या कामगारांसाठी हीच सोय चांगली. सत्तरीवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेतून पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं वय वंदना कार्ड मिळतं. ते खिशात असावं, आणि जिथे जाणार त्या जिल्ह्यात योजनेतलं रुग्णालय कोणतं ते आधी विचारून ठेवावं. केईएम रुग्णालयाची तारीख असेल तर प्रवास तिच्याभोवती आखा, तारीख प्रवासाभोवती नको; पुढची कधी मिळेल याचा नेम नसतो.

आणि खोली. पागडीच्या चाळीत राहणाऱ्यांनी हे नीट वाचावं. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने खोली वापरात नसेल तर मालकाला ती रिकामी करून मागता येते, आणि मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तरीही. गिरगावात जागेचे भाव आणि पुनर्विकासाची बोलणी चालू असताना या कलमांकडे मालकांचं बारीक लक्ष असतं. गणपती करून गावी गेलेला माणूस शिमगा करूनच आला तर सहा महिने सहज भरतात. मधे एकदा या, चार दिवस राहा, विजेच्या मीटरवर वापर दिसू द्या, भाड्याची पावती महिन्याच्या महिन्याला घ्या. दोन महिने खोली पुतण्याच्या मित्राला देऊन चार पैसे मिळवू, हा विचार कितीही गोड वाटला तरी सोडून द्या.

परतीचं तिकीट जातानाच काढलेलं असावं. शिमगोत्सवात चाकरमानी एकदम येतात आणि एकदम परततात, त्या आठवड्यात परतीची जागा मिळणं मुश्कील. पालखी घरी येऊन गेली की तीन-चार दिवसांनी निघा, गाड्या रिकाम्या होतात. मार्चच्या अखेरीस लालबागच्या मसाला गल्लीत कांडप यंत्रांपुढे रांगा लागलेल्या असतात. मिरच्यांची देठं खुडायला, धणे-खोबरं निवडून भाजून द्यायला बायका हव्या असतात, आणि ते काम मेअखेरपर्यंत पुरतं.